पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस

सप्टेंबर १७८९. लंडनहून न्यूयॉर्कला निघालेल्या जहाजावर एकवीस वर्षांचा एक तरुण चढला. सॅम्युएल स्लेटर त्याचं नाव. शेतमजुराच्या वेषात तो निघाला होता, असं सांगतात. जवळ ना रेखाचित्र होतं, ना यंत्राचा एखादा सुटा भाग. शिकाऊ उमेदवारीचा करारनामा तेवढा त्यानं लपवून घेतला होता. बाकी सगळा ऐवज डोक्यात. डर्बीशायरमधल्या बेल्पर गावाजवळ जेडिडाया स्ट्रट यांच्या सूतगिरणीत त्याची उमेदवारी झाली होती. हे स्ट्रट म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचे जनक रिचर्ड आर्कराइट यांचे एके काळचे भागीदार. कोणता रूळ किती वेगानं फिरतो, पेळू कुठे ताणला जातो, कुठे तुटतो, हे त्या मुलाला पाठ होतं.

चोरून जावं लागलं ते कायद्यामुळे. कसबी कारागिरांना फूस लावून परदेशी नेण्यावर इंग्लंडनं १७१८ साली बंदी घातली होती. कापूस आणि लिननच्या धंद्यातली अवजारं देशाबाहेर नेण्यावर १७७४ मध्ये बंदी आली. कारागिरांवरचं बंधन उठायला १८२४ साल उजाडलं आणि यंत्रांवरचं उठायला १८४३. त्या काळच्या इंग्लंडला एक गोष्ट नेमकी कळली होती: यंत्राचा आराखडा कागदावर उतरवता येतो, पण यंत्र चालतं ते ज्याच्या हाताला त्याची सवय आहे अशा माणसामुळे. त्या माणसाला अडवा, म्हणजे विद्या घरात राहील.

स्लेटर न्यूयॉर्कला उतरला आणि काही दिवसांतच त्यानं एक पत्र लिहिलं. ऱ्होड आयलंड प्रांतातल्या प्रॉव्हिडन्स गावी मोझेस ब्राउन नावाचा व्यापारी होता. त्यानं सूत कातण्याची काही यंत्रं जमवली होती, पण ती नीट चालत नव्हती. 'मला ही यंत्रं येतात' अशा अर्थाचं ते पत्र ब्राउनला मिळालं आणि त्यानं या अनोळखी पोराला बोलावून घेतलं. डिसेंबर १७९० मध्ये पॉटकेट इथे ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर गिरणी सुरू झाली. तिथले पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती, हेही नोंदवून ठेवायला हवं. अमेरिकेत स्लेटरला पुढे उद्योगाचा जनक म्हटलं गेलं आणि बेल्परमध्ये त्याच्या नावाला 'गद्दार' हे विशेषण चिकटलं.

ही गोष्ट सांगताना सगळे स्लेटरच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात. मला मात्र त्या पत्राचं आणि त्याच्या उत्तराचं मोल जास्त वाटतं. ब्राउननं उत्तर दिलं नसतं, तर ती सगळी यंत्रं स्लेटरच्या डोक्यातच राहिली असती. शोधक एका देशातून दुसऱ्या देशात आणि एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात कसे जातात, हा या लेखाचा विषय आहे. त्यात जाणाऱ्याइतकंच मी त्याला उतरवून घेणाऱ्याकडे पाहणार आहे. पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी उभं असावं लागतं.

*

याच ऱ्होड आयलंडच्या मातीत पुढे एक नवी कल्पना उगवली. १८२८ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या जॉन थॉर्पनं सूत कातण्याच्या 'रिंग' पद्धतीचं पेटंट घेतलं. इंग्लंडमधली 'म्यूल' यंत्रं पुढेमागे सरकत, ताणणं आणि गुंडाळणं आलटूनपालटून करत, आणि त्यांना मुरलेला कारागीर लागे. रिंग-चातीत सूत ताणणं, पीळ देणं, गुंडाळणं अखंड चाले आणि कमी सरावाचा कामगारही ती सांभाळू शके. अमेरिकेत मुरलेले कारागीर महाग, म्हणून तिथे हे यंत्र रुजलं. लँकेशायरला त्यांची वाण नव्हती, म्हणून तिथल्या गिरण्या विसाव्या शतकातही म्यूलला धरून राहिल्या.

आणि नागपूर? जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, तोच हा दिवस. गिरणीचा कारभार पाहायला टाटांनी ज्यांना नेमलं त्या बेझनजी मेहतांचा सुताशी कधी संबंध आला नव्हता; ते जीआयपी रेल्वेतून आलेले गृहस्थ. यंत्रांची बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज इंजिनीयर होता. रेल्वेतला पारशी, गिरणीतला इंग्रज आणि व्यापारातले टाटा या तिघांनी १८८० च्या दशकात अमेरिकी वळणाची रिंग-चाती नागपुरात चालवून दाखवली. लँकेशायर अजून तिच्याकडे संशयानं पाहत होतं.

म्हणजे बेल्परहून एका मुलाच्या डोक्यातून निघालेली विद्या ऱ्होड आयलंडला गेली, तिथे तिला नवं अंग फुटलं, आणि शंभर वर्षांच्या आत ती विदर्भाच्या कापसाशी येऊन भिडली. बंदीचा कायदा करणाऱ्या देशातल्या गिरण्या या एका बाबतीत नागपूरच्या मागे राहिल्या.

*

असे प्रवास मोजायचे कसे? माणूस बंदरावर उतरला की त्याची नोंद होते, पण त्याच्या डोक्यात काय होतं याची होत नाही. याचं उत्तर एका सरकारी अर्जातल्या दोन रकान्यांनी दिलं.

आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी एकच अर्ज करता यावा, म्हणून १९७० मध्ये वॉशिंग्टनला पेटंट सहकार करार झाला आणि १९७८ पासून तो अमलात आला. भारत त्यात १९९८ च्या डिसेंबरात सामील झाला. या अर्जात अर्जदाराचं राष्ट्रीयत्व आणि राहण्याचा देश असे दोन वेगळे रकाने असतात. अर्जदार बहुधा कंपनी असते, त्यामुळे त्यातून शोधकाबद्दल काही कळू नये. पण अमेरिकेचा कायदा असा होता, की अर्जदार म्हणून प्रत्यक्ष शोधकाचंच नाव द्यावं लागे. अमेरिकेत हक्क हवा असलेल्या जगभरच्या कंपन्यांनी त्यामुळे आपल्या शोधकांची नावं अर्जदारांत घातली आणि सोबत त्यांचं राष्ट्रीयत्व नि वास्तव्यही लिहिलं. लाखो अर्जांत हळूहळू शोधकांच्या स्थलांतराची खानेसुमारी साठत गेली. तशी ती करावी असं कुणी ठरवलं नव्हतं.

जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेतल्या अर्थतज्ज्ञांनी हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले. २००५ च्या सुमारास जगातल्या शोधकांपैकी जवळजवळ दहा टक्के लोक आपलं राष्ट्रीयत्व नसलेल्या देशात राहून शोध लावत होते. एकंदर लोकसंख्येत स्थलांतरितांचं प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होतं. २००१ ते २०१० या दशकात मायदेशाबाहेर राहणाऱ्या शोधकांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, एकट्या अमेरिकेत होते. पाठवणाऱ्या देशांत चीन आणि भारत अग्रभागी. पुढे अमेरिकेनं २०१२ मध्ये कायदा बदलला, शोधकाला अर्जदार करण्याची सक्ती गेली आणि ती खिडकी बरीचशी मिटली.

शास्त्रांतराचा माग काढायला वेगळी खूण लागते. प्रत्येक पेटंटावर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक असतो. 'ए' ते 'एच' असे आठ विभाग आणि त्यांखाली हजारो पोटविभाग. एकाच माणसाची आधीची पेटंटं यंत्रांच्या वर्गात आणि नंतरची औषधांच्या वर्गात दिसली, की समजायचं, गडी शिवार बदलून दुसऱ्या शिवारात गेला.

पण 'एकाच माणसाची' हे ठरवणंच महाकठीण. मराठी नावांनी तर या संशोधकांना घामच फुटावा. पुण्याच्या अर्जात स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं भरघोस नाव असतं. बोस्टनला पोहोचेपर्यंत वडील एका आद्याक्षरात आटतात आणि स्वतःचं नावही कधी कधी दुसऱ्या आद्याक्षरात. आता जगातल्या साऱ्या 'एस. पाटील' आणि 'एस. कुलकर्णी' यांतून एक सुरेश आणि एक संध्या वेगळी काढायची. बायकांचं दुखणं आणखी खोल. लग्नानंतर आडनाव बदललं, अनेक घरांत पहिलं नावही बदललं, की संगणकाच्या लेखी जुनी शोधक संपली आणि नवीच कुणी तरी जन्माला आली. तिच्या आयुष्याचा धागा नोंदवहीत मधेच तुटतो.

याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हॉलिवूडमध्ये सापडतं. ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत 'गुप्त संदेशवहन पद्धती'चं एक पेटंट मंजूर झालं. पाणतीराला रेडिओनं वाट दाखवताना शत्रूला तो संदेश दाबता येऊ नये, म्हणून लहरींची वारंवारता सतत बदलत ठेवायची, अशी ती कल्पना. एकूण ८८ वारंवारता. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच. कारण दोन शोधकांपैकी एक, जॉर्ज अँथील, हा संगीतकार होता आणि स्वयंचलित पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या त्याच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. दुसरं नाव हेडी कीझलर मार्की. व्हिएन्नाहून आलेली, तेव्हा चित्रपटांतून गाजत असलेली हेडी लामार ती हीच. पेटंटावर पडद्यावरचं नाव नाही. आहे ते माहेरचं आणि दुसऱ्या नवऱ्याचं. एका बाईनं देश ओलांडला, भाषा ओलांडली, अभिनयातून रेडिओच्या शास्त्रात पाऊल टाकलं, आणि कागदावर ती कुणी निराळीच राहिली. अमेरिकी नौदलानं तेव्हा ती कल्पना वापरली नाही. तिच्यासाठी त्या धक्क्यावर कुणी आलंच नाही, असं मला वाटतं.

*

आता आपल्या माणसाकडे वळतो. शंकर आबाजी भिसे. अनेक मराठी वाचकांना 'भारतीय एडिसन' एवढीच त्यांची ओळख असते. ती पुसून त्यांच्याकडे नव्यानं पाहायला हवं.

भिशांचा जन्म १८६७ साली मुंबईचा. विज्ञानाचं रीतसर शिक्षण नाही. न्यूयॉर्कहून निघणारं 'सायंटिफिक अमेरिकन' हे नियतकालिक हेच त्यांचं यंत्रविद्येचं कॉलेज. तसं ऋण त्यांनी स्वतःच पुढे मान्य केलं आहे. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. भिसे बोटीत बसण्याच्या कितीतरी आधी अमेरिका टपालानं त्यांच्या घरी येऊन बसली होती. डोळ्यांना चकवणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोग, बाटल्या, रेल्वेत स्टेशनाचं नाव दाखवणारी योजना असं काय काय ते मुंबईत करत होते. त्यांनी तरुणपणी विज्ञानाचं मंडळही चालवलं. पण या शोधांवर पैसा लावील असा धनिक आणि यंत्र बनवून देईल असा कारखाना त्यांना इथे मिळणं कठीण होतं. मुंबईत तेव्हा गिरण्या धडधडत होत्या. त्यांतली यंत्रं मात्र विलायतेहून येत.

मग लंडनच्या एका शोधकविषयक नियतकालिकानं स्पर्धा ठेवली. साखर, पीठ असा भुसभुशीत माल आपोआप मोजून देणारं यंत्र सुचवा. भिशांचा आराखडा पहिला आला, तोही इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून. मुंबईत त्यांचं नाव झालं आणि त्यांना विलायतेला धाडण्याची खटपट सुरू झाली.

इथे पत्र येतं. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये दादाभाई नौरोजींना भिशांबद्दल लिहिलं. दादाभाई तोवर ब्रिटिश संसदेत निवडून जाऊन आलेले, हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारे वयोवृद्ध नेते. भिशांचे शोध विकले जावेत, त्यांना भांडवल मिळावं यासाठी त्यांनी खरोखर वणवण केली. आपण दादाभाईंना 'संपत्तीच्या वहना'चा सिद्धांत मांडणारे म्हणून ओळखतो. इथून तिकडे वाहून जाणाऱ्या पैशाचा हिशेब आयुष्यभर मांडणाऱ्या माणसानं इथून तिकडे गेलेल्या एका कल्पक डोक्यासाठी तिथे जागा करून दिली. हिंदी माणूस यंत्र घडवू शकतो, हे लंडनच्या बाजारात सिद्ध होणं हा त्यांच्या लेखी त्याच लढ्याचा भाग असला पाहिजे, असं मी समजतो.

लंडनमध्ये भिशांनी जाहिरातींचे विजेचे फलक केले, घरगुती उपयोगाची उपकरणं केली. मग त्यांनी हात घातला छपाईत. त्या काळात छपाई म्हणजे शिसं. अक्षराअक्षराचे खिळे मातृकेत ओतायचे, खणांत भरायचे, जुळाऱ्यानं एकेक उचलून ओळ जुळवायची. लायनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांनी त्या धंद्याचा कायापालट चालवला होता. एका वेळी अनेक खिळे ओतणारं, जास्त वेगाचं आणि स्वस्त यंत्र भिशांनी योजलं. 'भिसोटाइप' या नावानं ते ओळखलं गेलं.

मुंबईचा माणूस खिळ्यांच्या धंद्यात शिरला, याला मागचा एक इतिहासही आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ साली सुरू झाला, आणि तोही वाट चुकून. ते यंत्र ॲबिसिनियाला जायचं होतं. गोव्यात जहाज थांबलं आणि यंत्र तिथेच राहिलं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं देवनागरीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात अगदी लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभं केलं आणि त्याच्या अक्षराला देशभर मान मिळाला. अमेरिकेतून आलेलं कसब मुंबईच्या एका गरीब मुलाच्या हातात उतरलं होतं. भिसे त्याच शहरात वाढले. रोमन लिपीचं काम थोड्या खिळ्यांत भागतं. आपल्या जोडाक्षरांना, कान्यामात्रांना, रफारांना शेकडो लागतात. भिशांचं यंत्र लंडनच्या बाजारासाठी होतं. तरी खिळे ओतण्याचा वेग आणि खर्च ही अडचण ज्या गावात रोज जाणवे, त्या गावचे ते होते.

यंत्र चांगलं होतं, पण धंदा उभा राहीना. लंडनच्या प्रस्थापित ओतशाळांच्या गळी ते उतरवणं सोपं नव्हतं. त्यातच १९०७ मध्ये थकलेले दादाभाई हिंदुस्थानात परतले. भिशांचा आधार गेला, पैसा आटला, आणि १९०८ च्या अखेरीस तेही घरी यायला निघाले. त्या परतीच्या बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांशी पडली. गोखल्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. त्यातून 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. वाच्छांचं पत्र, दादाभाईंची खटपट, गोखल्यांचा शब्द, टाटांचा पैसा: एका शोधकाच्या पायाखाली एवढ्या जणांनी हात धरले होते. आपल्या सार्वजनिक जीवनाचं हे अंग शाळेच्या पुस्तकांत यायला हवं.

पहिल्या महायुद्धात सिंडिकेट मोडलं. भिसे अमेरिकेला गेले, म्हणजे ज्या देशाच्या नियतकालिकानं त्यांना शिकवलं त्या देशात. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या टाइप ओतण्याच्या यंत्रांना पेटंटं मिळाली, कंपनीही निघाली. पण त्यांच्या पोटापाण्याची खरी सोय केली ती रसायनशास्त्रानं. आयोडीनवर आधारलेलं 'ॲटोमिडीन' हे औषध त्यांनी बनवलं आणि ते खपलं. दृष्टिभ्रम, वजनकाटा, वीज, शिसं, औषध. मुंबई, लंडन, न्यूयॉर्क. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. इंग्रजी कागदांत त्यांचं आडनाव दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. आजच्या संगणकानं त्यांचे दोन शोधक केले, तरी नवल नाही.

*

भिसे शास्त्रं बदलत गेले ती गरजेपोटी. येल्लाप्रगडा सुब्बारावांची गोष्ट अधिक खोल आहे. तिथे एकच दुःख अनेक शास्त्रांतून वाट काढत गेलं.

१८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमचा त्यांचा जन्म. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी खादी घातली. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि हाती पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाची एल.एम.एस. पडली. संग्रहणीसारख्या स्प्रू या आजारानं भाऊ गेले, आणि स्वतः सुब्बारावांनाही त्यानं गाठलं. वैद्यकीच्या औषधांनी जे साधलं नाही ते आयुर्वेदाच्या उपचारांनी साधलं, आणि पुढे मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. एका वैद्यकातून दुसऱ्या वैद्यकात, ही त्यांची पहिली सीमा.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांच्या आणि एका धर्मादाय निधीच्या मदतीनं ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या शाळेत प्रवेश मिळाला, पण इथल्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येईना. रुग्णालयात रात्रपाळीला हलकीसलकी कामं करून त्यांनी दिवस काढले. तिथून ते जीवरसायनशास्त्रात शिरले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती, हे मोजण्याची सायरस फिस्केंबरोबरची त्यांची रीत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. स्नायूंना बळ पुरवणारं फॉस्फोक्रिएटिन आणि पेशींचं चलन म्हणता येईल असं एटीपी यांच्या शोधातही त्यांचा हात होता. तरीही हार्वर्डनं त्यांना कायमची जागा दिली नाही. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला होता. हिंदी शास्त्रज्ञाला काम मिळे, घर मिळत नसे, असा तो काळ.

१९४० मध्ये ते विद्यापीठ सोडून लेडर्ले या औषध कंपनीत गेले. न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या तिच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या चमूनं काही वर्षांत जे केलं ते विश्वास बसू नये असं आहे. फॉलिक ॲसिड वेगळं काढून कृत्रिमरीत्या बनवलं गेलं, आणि स्प्रूवर नेमकं तेच लागू पडलं. ज्या आजारानं घरातले भाऊ नेले, त्याच्या औषधापाशी सुब्बाराव अखेर पोहोचले. फॉलिक ॲसिडच्या उलट काम करणारी द्रव्यं त्यांच्या चमूनं बनवली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बरनी रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेल्या मुलांना दिलं. काही काळापुरता का होईना, रोग मागे हटला. कर्करोगावरच्या रासायनिक उपचारांची सुरुवात त्यातून झाली. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज संधिवाताच्या अनेक रुग्णांच्या औषधांत असतं. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक याच प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी शोधलं, तेही सुब्बारावांच्या संशोधन-प्रमुखपदाच्या काळात.

आणि एक औषध विदर्भाच्या ओळखीचं. हत्तीरोगावरचं डीईसी त्यांच्या चमूतून बाहेर आलं. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे आरोग्यसेविका घरोघर जाऊन समोर उभ्या राहून जी गोळी घ्यायला लावतात, तिचा उगम पर्ल रिव्हरमध्ये आहे. गोळी गिळणाऱ्या माणसाला भीमावरमच्या सुब्बारावांचं नाव कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

ऑगस्ट १९४८ मध्ये झोपेतच त्यांचा अंत झाला. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ मध्ये खुला झाला होता, पण त्यांनी ते घेतलं नाही. मायदेशीही ते कधी परतले नाहीत. मागे राहिलेल्या पत्नीची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. स्थलांतराच्या आकडेवारीत या बाईंसाठी रकाना नाही.

*

एखाद्या देशात नवी विद्या आल्यानं तिथल्यांचं काय होतं, याचाही हिशेब झालेला आहे. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानं नाझी जर्मनीनं ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढलं. त्यांतले अनेक रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत गेले. अर्थतज्ज्ञ पेट्रा मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० ते १९७० ची पेटंटं तपासली. निर्वासित ज्या शाखांतले होते त्या शाखांत अमेरिकी शोधकांची पेटंटं ३१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. खरी मौज त्यामागच्या कारणात आहे. आधीच तिथे असलेल्यांचा हात अचानक चालू लागला असं झालं नाही. नवे तरुण त्या शाखांकडे ओढले गेले. बाहेरून आलेल्या माणसानं एक वाट दाखवली आणि स्थानिक पोरं तिच्यावरून चालू लागली.

तुमच्या खिशातल्या बॉलपेनचंही तसंच. ते आणणारा लास्लो बिरो बुडापेस्टचा पत्रकार. छापखान्याची शाई झटकन वाळते आणि फाउंटनपेनची मात्र बोटांना लागते, हे त्यानं कामावर पाहिलं. रसायन जाणणाऱ्या भावाला हाताशी धरून दाट शाई आणि टोकाशी फिरती गोळी त्यानं जमवली. ज्यूंवरचे निर्बंध आले तेव्हा तो १९३८ मध्ये पॅरिसला आणि पुढे अर्जेंटिनाला गेला. युगोस्लाव्हियात एकदा अर्जेंटिनाच्या हुस्तो या राष्ट्राध्यक्षांनी त्याला पेननं लिहिताना पाहिलं आणि आपल्याकडे यायचं निमंत्रण दिलं, असं सांगतात. १९४३ मध्ये त्यानं तिथे पेटंट घेतलं. अर्जेंटिनात बॉलपेनला आजही 'बिरोमे' म्हणतात आणि त्याचा जन्मदिवस, २९ सप्टेंबर, शोधकांचा दिवस म्हणून पाळतात.

*

राहता राहिला कायदा. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाणं हेही स्थलांतरच, आणि कित्येकदा तिथली भिंत समुद्रापेक्षा रुंद असते. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं याच धंद्यात पडू नकोस, अशी अट अनेक करारांत असते. कॅलिफोर्नियात अशी अट चालत नाही, आणि सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचं ते एक कारण मानलं जातं. त्या कायद्याचं साल १८७२. आता आपला भारतीय करार कायदा पाहा. त्याचं कलम २७ सांगतं, की कुणालाही कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. सालही तेच, १८७२. दोन्हींचं मूळ एकच: न्यूयॉर्कचे कायदेपंडित डेव्हिड डडली फील्ड यांचा मसुदा. न्यूयॉर्कनं तो स्वीकारला नाही; कॅलिफोर्नियानं घेतला आणि कलकत्त्यात बसलेल्या इंग्रज सरकारनं त्यातलं हे कलम उचललं.

जवळपास एकच कलम दीडशे वर्षं मुंबईतही आहे आणि सॅन होझेतही. मग तिथे जे घडलं ते इथे का नाही? मला वाटतं, दार उघडं असून भागत नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम शॉकलींच्या अर्धवाहक प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले. त्यांत जिनिव्हाचे जाँ होर्नी होते, व्हिएन्नात जन्मलेले युजीन क्लाइनर होते. आपल्याला सगळ्यांना मिळून कुणी नोकरीला ठेवील का, एवढंच त्यांना हवं होतं. क्लाइनरनी न्यूयॉर्कच्या एका पेढीला पत्र लिहिलं, कारण तिथे वडिलांचं खातं होतं. ते पत्र आर्थर रॉक या तरुणाच्या हाती पडलं. त्यानं उत्तर दिलं, विमान धरलं आणि सुचवलं, की नोकरी कशाला मागता, कंपनीच काढा. मग अनेक दारं ठोठावून त्यानं पैसा घालायला तयार असलेल्या शर्मन फेअरचाइल्ड यांना शोधून काढलं आणि कंपनी निघाली. होर्नींनी तिथे सिलिकॉनच्या सपाट पृष्ठावर ट्रान्झिस्टर घडवण्याची जी रीत बसवली, तिच्यावर पुढची सगळी चिपविद्या उभी राहिली.

ब्राउन, दादाभाई, गोखले, रॉक. यांच्या नावावर त्या शोधांचं एकही पेटंट नाही. आपण बाहेर जाणाऱ्या मुलांचा हिशेब ठेवतो, कुणी परत आलं तर सत्कार करतो. पण एखादी मुलगी यंत्रशास्त्र सोडून जीवशास्त्रात यायला निघते, एखादा मुलगा जळगावहून नवं यंत्र घेऊन पुण्यात येतो, तेव्हा त्यांच्या पत्राला उत्तर देणारे आपल्याकडे फार थोडे आहेत. हे माझं ठाम मत आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या आजोबा-आजींपैकी, काका-मावशीपैकी कुणी परदेशी प्रयोगशाळेत, कारखान्यात, छापखान्यात काम केलं असेल, कुणी पेटंटसाठी अर्ज केला असेल, तर त्यांचे कागद रद्दीत घालू नका. रेखाचित्रं, फीच्या पावत्या, पत्रं जपून ठेवा आणि शक्य असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या. बाईंचे कागद असतील, तर त्यांवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहून ठेवा. आणि मुलांना परदेशी तिकिटं जमवायची हौस असली, तरी जुन्या पाकिटांचे कोपरे त्यांना कापू देऊ नका. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता असतो.